न शिवलेलं पान

मळा, धामणगाव बढे
भाद्रपद वद्य दशमी, सन १९६७

चि. उकंडा यास,

पाकिटावर उकंडराव लिहिलं आहे, कचेरीत तुझी शोभा राहावी म्हणून. आत मात्र उकंडाच. हे सहावं पत्र. आधीच्या पाचांचं उत्तर नाही, म्हणजे एक तर टपालखातं बुडालं किंवा तुझा राग अजून ताजा आहे. टपालखातं बुडाल्याचं ऐकलं नाही. तुझे दाजी मागच्या मंगळवारी भाजी घेऊन बुलढाण्याला आले होते. बाजारात तुम्ही समोरासमोर आलात, आणि तू सायकल वळवून गल्लीत शिरलास म्हणे. अरे, अर्जुनरावांसारखा गरीब माणूस, तो काय तुला चावणार होता?

काल अविधवा नवमी झाली. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचा दिवस, म्हणजे आपल्या बहिणीचा, कौशीचा. पुरण घातलं, कढी केली, तिच्या आवडीची चुक्याची भाजी केली आणि पान छपरावर ठेवलं. शेजारच्या मळ्यातलं पान कावळ्यांनी पाच मिनिटांत साफ केलं. आमच्या पानाजवळ एकच आला. कडेला बसला. त्यानं पानाकडे पाहिलंच नाही, मान वाकडी करून माझ्याकडे पाहत राहिला. उन्हं कलेपर्यंत तसाच बसला आणि उपाशी उडून गेला. मग ते पान गाईपुढे ठेवलं. गाईनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

दहाव्यालाही हेच झालं होतं, तू होतासच. नदीवर पिंड ठेवला आणि सगळ्यांनी आपापलं कबूल केलं. तिचे मालक भगवानराव म्हणाले, कौशल्याच्या जागी दुसरी आणणार नाही. यंदा आखाजीच्या मुहूर्ताला आणली. कावळ्याला ते आधीच कळलं असावं. सासूबाई म्हणाल्या, दर सणाला तिचं पान वाढू. तू म्हणालास, तिच्या नावानं शाळेत पाण्याचा रांजण ठेवीन. कावळे बाभळीवर बसून ऐकत होते, खाली एकही उतरला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. मी काहीच कबूल केलं नव्हतं. मला कोणी विचारलंही नाही.

निघताना तू एवढंच बोललास, "बाई, ती गेली. मंग तू कशी राह्यली?"

तेव्हा सांगितलं तेच आता सांगते. थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं तिथे, आम्ही दोघी कोथिंबिरीच्या जुड्या धूत होतो. विहिरीच्या काठाचा दगड निसटला. मी तिचा हात धरला. हात ओला होता, सुटला. याहून जास्त काही नाही.

माझं बरं आहे. उजव्या तळहाताची जखम अजून भरत नाही, पण काम अडत नाही. दोन्ही वेळेला जेवते. काळजी करू नकोस. करतोस असं नाही, पण रीत म्हणून लिहिलं.

तुझी बाई,
सत्यभामा


मळा
आश्विन शुद्ध पंचमी

चि. उकंडा,

तुला हसू येईल. तुझ्या बहिणीला देवी लागली आहे.

कौशी गेल्यापासून केसांना तेल नाही, फणी नाही. मला वाटलं कोणाच्या लक्षात येणार नाही, पदर असतोच डोक्यावर. घटस्थापनेच्या दिवशी पाणी शेंदताना पदर घसरला आणि सासूबाईंनी मानेवर पाहिलं. अंगठ्याएवढी जाड जट वळली आहे. त्या दोन पावलं मागे सरकल्या. हातातली घागर खाली ठेवली आणि मला, मला रे, हात जोडले.

"देवीनं धरलं तुले," म्हणाल्या. "आता फणी लावजो नोको. लावली तं घरावर येईन."

तेव्हापासून मला भांडी घासायला लावत नाहीत. दुपारी बायका येतात, हळदकुंकू लावतात, लिंबू ठेवतात आणि विचारतात. मी काय सांगणार? परवा एकीनं विचारलं, "माह्यी शेळी कुठी गेली?" माझ्या तोंडून निघालं, "इहिरीत पाह्य." मला दुसरं काही सुचतच नाही, उकंडा. चौदा महिने झाले, कोणी काहीही विचारलं तरी माझ्या डोळ्यांपुढे विहीरच येते. ती बाई गेली, आणि शेळी खरंच तिच्या विहिरीत तरंगत होती.

आता दुप्पट बायका येतात. काल एक नवी पोर आली, सासरी जाच असलेली. तिनं काही विचारायच्या आधीच मी तोंड दाबून धरलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आपणच म्हणाली, "इहीर का?" मी नाही नाही म्हणून मान हलवली, पण ती कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडे पाहत बसली होती. शेवटी तिच्या सासूला बोलावून मी सांगितलं, देवीचा हुकूम आहे, सुनेला उद्या माहेरी पोचव. एवढ्यापुरता देवीचा उपयोग झाला.

भर दुपारी मोट उभी असते, बैल सोडलेले असतात, मळ्यात चिटपाखरू नसतं. तेव्हा थारोळ्यावर बांगड्या वाजतात. भाजी धुताना वाजतात तशा. मी पाहायला जाते. तिथे तो कावळा असतो, मोटेच्या खांबावर, माझ्याकडे तोंड करून. परवा भानावर आले तेव्हा मी विहिरीच्या दुसऱ्या पायरीवर उभी होते. कशी उतरले ते आठवत नाही. लुगड्याचा काठ ओला होता, आणि पाणी तर सहा पायऱ्या खाली होतं.

दसऱ्याला मला देवळात बसवायचं ठरलं आहे. एकदा बसवलं की मी घरची सून राहणार नाही. देवळामागच्या खोलीत राहायचं, केस तसेच ठेवायचे, कोणी आणून देईल ते खायचं. तुझे दाजी गप्प आहेत. ते बोलत नाहीत म्हणजे त्यांना पटलेलं नसतं, पण आईपुढे त्यांचं तोंड उघडत नाही.

मला विचारशील तर मला बरंच वाटलं. माझ्यासारखीला तेवढंच शोभतं.

बाई


मळा
आश्विन शुद्ध द्वादशी

चि. उकंडा,

दसऱ्याला बसले नाही. बसता येईना इतका ताप भरला. हात कोपरापर्यंत सुजला होता. सासूबाई म्हणाल्या, देवी अंगात यायला लागली. तुझ्या दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा आईचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. मला बैलगाडीत घातलं आणि गावातल्या सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. बाकी दिवस नर्सबाई, तानाबाई. बौद्धवाड्यातल्या आहेत, नागपूरला शिकून आलेल्या. सासूबाई त्यांच्या हातचं पाणी पीत नाहीत, औषध चालतं. हे कसं ते देवीलाच माहीत.

तानाबाईंनी हात गरम पाण्यात धरला आणि चिमट्यानं आत चाचपलं. मी ओरडले नाही. त्या म्हणाल्या, "ओरड नं. दुखते तं ओरडावं मानसानं." आणि मी अशी ओरडले की बाहेर बैल उठून उभे राहिले. आतून काच निघाली, हिरवी, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी.

"बांगडीची हाय," तानाबाई म्हणाल्या. "कोनाची?"

"कौशीची. तिच्या हातात नागपंचमीचा हिरवा चुडा होता."

"आन तुह्या हातात?"

उकंडा, मला आठवेना. खरंच आठवेना. मग हळूहळू आठवलं की कासार आला होता तेव्हा आम्ही दोघी शेजारी बसून बांगड्या भरल्या होत्या. तिनं सहा-सहा, मी चार-चार. त्या दिवशी काठावर माझ्याही फुटल्या. इतके दिवस त्या दुपारचं मला सगळं दिसायचं, दगड, पाणी, तिचे केस, जुड्या तरंगताना. फक्त मी दिसत नव्हते.

मी त्यांना सगळं सांगितलं, कावळ्याचंसुद्धा. वाटलं, हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आम्ही आता कावळ्याले नाही इचारत. मानसालेच इचारतो. तू सांग, तिले काय पाह्यजे होतं?"

मी पदराचं टोक दातांत धरलं.

"सांगू नोको मले. पन तुले माहीत हाय, हे दिसून राह्यलं."

मग त्यांनी हुकूम सोडले. जखम रोज उघडायची, डोळ्यांनी पाहायची, उकळलेल्या पाण्यानं धुवायची. "न पाह्यता बांधली तं अंदर सडते." भाकर तव्यावरची, गरम, आणि बसून खायची. तेव्हा कुठे मी कबूल केलं की मी सगळ्यांच्या मागून, उभ्यानं, उरलेलं शिळं खाते. तुला मागे लिहिलं होतं की दोन्ही वेळेला जेवते. ते असं. शेवटी त्यांनी माझा पदर मागे केला, जट बोटात धरली आणि कुंकू लावलं नाही, नुसता वास घेतला. "घाम हाय आन धूळ हाय. कापू नोको, कापलं तं धाक राह्यते. तेल लावून सोडव. तूच सोडव, दुसऱ्याच्या हातून नोको."

सासूबाईंनी आता कोजागिरीची पौर्णिमा धरली आहे. त्या दिवशी दुपारी देवळातून बायका मला न्यायला येतील. मला काय करावं कळत नाही. जट सोडवली आणि घरात कोणाला काही झालं तर? आणि खरं सांगू, ती जट गेली तर माझ्याजवळ कौशीचं काय उरतं?

बाई


मळा
आश्विन वद्य द्वितीया

चि. उकंडा,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस.

कौशीचा हात सुटला नाही. मी सोडला.

मी पालथी पडले होते, अर्धी काठाबाहेर. तिच्या मनगटाला माझी दोन्ही हातांची मिठी होती. बांगड्या तळहातात घुसत होत्या आणि छातीखालचा दुसरा दगड हलायला लागला होता. मळ्यात कोणी नव्हतं, मी खूप ओरडले. ती ओरडत नव्हती. वर पाहत होती. म्हणाली, "सोड बाई. तूबी येशीन. तू राह्य." दोनदा म्हणाली. "तू राह्य." आणि मी सोडला.

तिनं सांगितलं म्हणून सोडला, का मला मरणाची भीती वाटली म्हणून, ते अजूनही सांगता येत नाही. दोन्ही खरं असेल. तू नदीवर विचारलंस, तू कशी राह्यली. उत्तर माझ्या जिभेवर होतं. तिनं राहायला सांगितलं. पण हे सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास की सोयीचं बोलते आहे, मेलेल्या माणसाची साक्ष कोण काढणार. म्हणून गिळलं. दहाव्याला सगळे आपापलं कबूल करत होते, आणि तिला काय हवं होतं ते मला एकटीला माहीत होतं, आणि मी पदर तोंडात कोंबून बसले होते. कावळा उतरेल कसा?

तुझ्याआधीचे दोघे भाऊ गेले म्हणून मायनं तुला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर लोळवलं आणि उकंडा नाव ठेवलं. काळाला वाटावं हा केर आहे, याला उचलून काय करायचं. मी चौदा महिने तेच केलं, पण उलटं. स्वतःचा उकिरडा केला आणि काळ कधी उचलतो याची वाट पाहत बसले. कौशीनं एवढं मोल देऊन जिला मागे ठेवलं, तिला मी शिळ्या भाकरीवर ठेवलं.

तानाबाईंकडून आल्यावर तीन दुपारी मी थारोळ्यावर जाऊन बसले, त्याच काठावर. उजवा हात बांधलेला, म्हणून डाव्या हातानं जट सोडवायला घेतली. पहिल्या दिवशी कावळा समोर आणि पाठीमागे बांगड्यांचा आवाज, इतका जवळ की मानेवर काटा आला. मी वळले नाही. सासूबाई लांबून ओरडत होत्या, "माह्या लेकाले काही झालं तं पाह्यजो!" त्यांनाही खोटं म्हणवत नाही, त्या खरंच भेदरल्या होत्या. रात्रभर तुझ्या दाजींच्या कपाळाला हात लावून बसल्या म्हणे. सकाळी दाजी उठले आणि नेहमीसारखे बैलांवर खेकसले. दुसऱ्या दिवशीही त्यांना शिंकसुद्धा आली नाही. तिसऱ्या दिवशी मी थारोळ्यावर गेले तर तिथे वाटीत कोमट तेल ठेवलेलं, आणि सासूबाई पाठ करून घराकडे चाललेल्या.

तो पौर्णिमेचा दिवस होता. जट सुटली. मूठभर गुंतवळ निघालं, करडं, मातकट, मेलेल्या उंदरासारखं. बायका गुंतवळ उघड्यावर टाकत नाहीत, भिंतीच्या फटीत खोचतात. मी ते दगडावर बाजूला ठेवलं. न्हाले. मग दोन भाकरी आणि चुक्याची भाजी, गरम, पानावर वाढून काठावर ठेवली आणि विहिरीत पाहून मोठ्यानं म्हणाले, "कौशे, तुह्या हात म्याच सोडला. तू सांगतलं तसं मी राह्यते. नीट राह्यते. खाऊन-पिऊन राह्यते."

कावळा खांबावरून हलला नाही. मी वाट पाहिली. भाकरीची वाफ विरत चालली. आणि मग, उकंडा, माझ्या पोटात भूक पेटली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी आलं अशी भूक. मी पान पुढे ओढलं आणि मीच जेवले. मांडी घालून, बोटं चाटून, पुरं.

पाणी प्यायला मान वर केली तर कावळा समोर दगडावर उतरलेला. हाताच्या अंतरावर. पानात एक तुकडा उरला होता, त्याकडे त्यानं पाहिलं नाही. त्यानं ते गुंतवळ चोचीत धरलं, पुरं, एक केस मागे न ठेवता, आणि विहिरीवरून एक फेरी घालून पलीकडे गेला. ही काही त्यांची घरटी बांधायची वेळ नव्हे.

देवळातल्या बायका आल्या तेव्हा माझे केस वाऱ्यावर वाळत होते. सासूबाईच पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "आमची सून हाय ते. जा आता." बायका लिंबं उचलून गेल्या.

आता तुला काय म्हणायचं ते म्हण. खोटं तेवढं उरलं नाही.

बाई


मळा
वसुबारस

चि. उकंडा,

तुझं उत्तर नाही. या वेळी टपालखात्यावर ढकलत नाही.

हात भरला. तळव्यावर नवी कातडी आली आहे, गुलाबी, पोराच्या पायासारखी. रोज धुते, रोज पाहते. तानाबाई म्हणतात आता रोज पाहायची गरज नाही. मी म्हटलं, असू द्या, सवय लागली. त्या परवा मळ्यावर आल्या होत्या. सासूबाईंनी त्यांना चहा दिला, घरातल्या कपात. स्वतःही शेजारी बसून प्यायल्या, आणि नंतर तो कप वेगळा ठेवायचा का सगळ्यात, यावर दिवसभर स्वतःशीच भांडल्या. संध्याकाळी सगळ्यात ठेवला.

कासार आला होता. चार-चार भरल्या, हिरव्या. थारोळ्यावर दुपारी अजून बांगड्या वाजतात, पण आता त्या माझ्या असतात. एकदा मात्र माझे दोन्ही हात पिठात होते, घरात, तेव्हा तिकडे वाजल्या. मी उठून गेले नाही. "ऐकू आलं," म्हणाले, आणि भाकर उलटली.

भाऊबीज चार-पाच दिवसांवर आली. मागच्या वर्षी ताट करून दिवसभर दारात बसले होते. तू आला नाहीस. मी संध्याकाळी ते ताट उकिरड्यावर नेऊन ओतलं आणि तशीच निजले. यंदाही ताट करणार आहे. तेल कोमट करून ठेवीन, पाट मांडीन, तुझ्या आवडीचे सांडगे तळीन. बुलढाण्याची पहिली गाडी दहाला येते, दुसरी एकला. दोन्ही गाड्यांना रस्त्याकडे पाहीन, हे कबूल करते. माझा धाकटा भाऊ आहेस, तुला मी कडेवर वाढवलं आहे, तू नाही आलास तर दुखेल. दुखेल तेव्हा ओरडेन.

पण एकची गाडी गेली की मी हात धुऊन पाटावर बसेन आणि जेवून घेईन, गरम आहे तोवर. तुझं झाकून ठेवीन. वाट पाहीन, उपाशी नाही.

तुझी बाई,
सत्यभामा